लॅक्स्टन नकाशा प्रकल्प : कामाची नोंदवही

१४ ऑक्टोबर २०२४, नॉटिंगहॅम

आजपासून काम लिहून ठेवतो. इंग्लंडातल्या लॅक्स्टन या गावाचा मराठी नावांचा मोठा हातनकाशा काढायचा, सोबत जमिनीचा इतिहास सांगणारे फलक करायचे, आणि हे सगळं रत्नागिरीला आमच्या वाचनालयात लावायचं. लेकीकडे मार्चपर्यंत मुक्काम आहे. कच्चं काम इथे होईल, पक्की शाई घरी गेल्यावर.

हेच गाव का, ते लिहितो. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केली. बांध कोरला, हद्द सरकली, खुणेचा दगड हलवला, असल्या तक्रारींत माझं बरंचसं आयुष्य गेलं. लॅक्स्टनच्या तीन मोठ्या शेतांत बांधच नाहीत. एकेक विस्तीर्ण मोकळं शेत, त्यात वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या, मध्ये ना कुंपण ना गडगा. ही रीत मध्ययुगापासून चालत आली आहे. मोकळ्या शेतांचे अवशेष डेव्हनमध्ये ब्राँटनला आहेत, लिंकनशरमध्ये अ‍ॅक्सहोमलाही आहेत. पण पिकांची पाळी, गावची ज्यूरी (शेतं तपासणारे गावचेच पंच) आणि गावचं न्यायालय या तिन्हींसह चालू असलेलं इंग्लंडातलं गाव म्हणजे लॅक्स्टन. ते इथून ईशान्येला आहे, गाडीने सहज जाऊन येण्यासारखं.

१९ ऑक्टोबर

जावयांनी गाडी काढली. दिवसभर गावात चाललो.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती घरांची मांडणी. इंग्लंडात इतर बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याचं घर त्याच्या शेताच्या मधोमध, एकटं असतं. इथे घरं गावात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, लाल विटांची. बऱ्याच घरांची निमुळती बाजू रस्त्याकडे, मागे खळं, धान्याचं कोठार, गोठा. शेतं गावाबाहेर. वाटण्या विखुरलेल्या असल्या की घर गावातच ठेवावं लागतं, कारण एकाच शेतावर राहून बाकीच्या पट्ट्यांकडे बघता येत नाही. आपल्या गावठाणामागे हाच हिशेब आहे.

गावात कोंडवाडाही आहे, नीट दुरुस्त करून ठेवलेला. मोकाट गुरं कुणाच्या उभ्या पिकात शिरली की इथे कोंडायची आणि दंड भरून सोडवायची. नकाशावर तो नक्की दाखवायचा.

सेंट मायकेलचं चर्च मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकातलं. आत एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाध्या, वर झोपलेल्या माणसांच्या मूर्ती. त्यातली एक स्त्रीमूर्ती ओक लाकडाची. दगडाच्या मूर्ती जागोजाग आढळतात, पण मध्ययुगातली लाकडी मूर्ती या परगण्यात दुसरी नाही. घडणीतला चेहरा झिजला आहे, वस्त्राच्या चुण्या मात्र अजून स्पष्ट दिसतात. तिच्यापाशी बराच वेळ उभा राहिलो.

गावाच्या उत्तरेला किल्ल्याची टेकडी आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला द कॉ घराण्याने मातीचा उंच ढीग करून त्यावर गढी उभारली. शेरवुडच्या राखीव जंगलाची रखवाली या घराण्याकडे वंशपरंपरेने होती, पुढे ती एव्हरिंगहॅमांकडे गेली. आता तिथे बांधकाम काही नाही, फक्त माती आणि गवत. पण मातीचा आकार इतका शाबूत आहे की नुसत्या डोळ्यांनी खंदक मोजता येतो.

२४ ऑक्टोबर

आज मापं जुळवली. फलकावर गुंठे आणि एकरच द्यायचे, म्हणजे वाचणाऱ्याला जमीन डोळ्यापुढे येईल.

जुन्या इंग्रजी नोंदींत एकर, रूड, पर्च अशी उतरंड आहे. ४ रूडांचा एक एकर, ४० पर्चचा एक रूड. पर्च म्हणजे साडेसोळा फूट लांबीचा चौरस. आपला गुंठा ३३ फुटांचा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट. साडेसोळाची दुप्पट तेहेतीस. तेव्हा एक गुंठा बरोबर ४ पर्चचा आणि एक रूड बरोबर १० गुंठ्यांचा होतो, कुठे अपूर्णांक उरत नाही. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी वापरत. तीही इंग्रजांच्या ६६ फुटी गंटर साखळीच्या बरोबर अर्धी. मी स्वतः ज्या मापाने नोकरी केली त्याचं मूळ या नोंदींत सापडलं, त्याचा आनंद शब्दांत मावत नाही.

मोकळ्या शेतातली एक एकराची आदर्श पट्टी ६६० फूट लांब आणि ६६ फूट रुंद. लांब का, तर जड नांगर वळवायला त्रास फार, म्हणून वळणं कमी घ्यायची. एका दिशेने नांगरलेल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा, अशा अनेक गठ्ठ्यांचं मिळून एक शेत. जमीन लालसर चिकण, पावसात पाणी धरून ठेवणारी. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी चांगली, थोडी वाईट, थोडी उताराची, थोडी पाणथळ यावी म्हणून पट्ट्या विखुरलेल्या.

२ नोव्हेंबर

मूळ नकाशावर आलो. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने तो काढला. आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, चित्र संगणकावर मोठं करून पाहता येतं. सोबत जमिनींची नोंदवही, आपल्या आकारबंदाच्या जातीची : कोणती पट्टी, कोणाची, किती, कोणत्या गठ्ठ्यात. नकाशा आणि वही एकमेकांना लावून पाहिली की गाव उलगडत जातं.

नकाशात नुसत्या रेषा नाहीत. शेतांत बारीक माणसं काढली आहेत. कुणी नांगर धरलाय, कुणी कापणी करतोय, कुठे गाडीत धान्य भरतायत, एका बाजूला शिकार चालली आहे. पिअर्सने मोजणीबरोबर त्या जमिनीवरचं काम नोंदवलं. आमच्या टिपणवहीत झाड, विहीर, पायवाट, खुणेचा दगड यायचे. माणूस मात्र फक्त कब्जेदाराच्या रकान्यात यायचा.

तेव्हा शेतं चार होती : पश्चिम, पूर्व, दक्षिण आणि गिरणीचं. पूर्वेचं शेत पश्चिमेच्या पाळीतच धरलं जाई. आता तीन उरली आहेत. माझा नकाशा १६३५ च्या आधाराने असेल, आजची स्थिती फिक्या हिरव्या रेषेने वर घेईन.

४ नोव्हेंबर

पट्ट्यांना क्रमांक देणं सोडून दिलं, नकाशा क्रमांकांनी भरून जात होता. फक्त गठ्ठ्यांची नावं घालायची.

११ नोव्हेंबर

ही नोंद मोठी होणार, कारण आज जे हाती आलं त्याने या कामाला रत्नागिरीशी सांधा मिळाला.

पिअर्सला नकाशा काढायला लावणारा मालक सर विल्यम कोर्टीन. गावाची मालकी त्याने बकिंगहॅमच्या ड्यूककडून विकत घेतलेली. घराणं मूळचं फ्लँडर्सचं, धर्मछळामुळे लंडनला आलेलं, कापडाच्या धंद्यात वर चढलेलं. कोर्टीन मोठा सावकार झाला, राजालाही कर्ज देई. १६२७ साली बार्बाडोस बेटावर इंग्रजांची वसाहत झाली ती याच्याच पैशाने.

हे वाचताना नाव ओळखीचं वाटत होतं. मग आठवलं. कोकणच्या वखारींच्या इतिहासात ईस्ट इंडिया कंपनीची एक प्रतिस्पर्धी मंडळी येते, ती या कोर्टीनची. १६३५ च्या डिसेंबरात राजा पहिला चार्ल्स याने कंपनीची मक्तेदारी बाजूला सारून कोर्टीनच्या मंडळीला पूर्वेकडे व्यापाराचा परवाना दिला. १६३६ च्या एप्रिलात कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली जहाजांचा ताफा निघाला आणि ऑक्टोबरात गोव्याला पोचला. १६३५ च्या सुरुवातीलाच पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात गोव्यात तह झाला होता, म्हणून इंग्रज जहाजांना तिथे नांगर टाकता आला. ताफ्यात पीटर मंडी नावाचा प्रवासी होता, त्याने सगळा प्रवास लिहून ठेवला आहे. पुढे भटकळ, कारवार आणि आपलं राजापूर इथे कोर्टीनच्या लोकांनी बस्तान मांडलं. तेव्हा राजापूरचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता.

म्हणजे ज्या साली लॅक्स्टनची एकेक पट्टी साखळीने मोजली जात होती, त्याच साली तिचा मालक काळ्या मिऱ्यांच्या व्यापारासाठी आपल्या किनाऱ्याकडे जहाजं धाडायची तयारी करत होता. राजापूर तालुक्यात मी कित्येक वर्षं मोजणी केली. त्या बंदराकडे पाहणारा एक डोळा या चिकणमातीच्या गावाकडेही पाहत होता, हे कळल्यावर आज दुसरं काही सुचलं नाही.

पुढचं थोडक्यात. ताफा गोव्याला पोचण्याआधीच, मे १६३६ मध्ये, कोर्टीन वारला. राजाकडची येणी बुडाली, मुलाच्या हातून धंदा गेला, तो कर्जदारांना चुकवत इटलीत निघून गेला. मंडळी शेवटी ईस्ट इंडिया कंपनीत विलीन झाली. लॅक्स्टन पिअरपाँट घराण्याकडे गेलं. नातवाचं नावही विल्यम कोर्टीन. त्याने शंखशिंपले, नाणी, चित्रं यांचा प्रचंड संग्रह केला, तो हॅन्स स्लोनकडे आला आणि स्लोनच्या संग्रहातून पुढे ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं.

फलकासाठी एक खबरदारी. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार घेतली ती ईस्ट इंडिया कंपनीची. पन्हाळ्याच्या वेढ्यात कंपनीच्या माणसांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली होती. वाचणारा राजापूर म्हटलं की तिथेच पोचतो, म्हणून दोन्ही मंडळींची नावं फलकावर वेगवेगळ्या रंगांत लिहायची.

१५ नोव्हेंबर

कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केला. कोर्टीनचं ऐकून खूश झाले. मग म्हणाले, “अहो, पण बांधच नाही तर भांडण मिटवतं कोण? तुमच्यासारखा मोजणीदार दरवर्षी जातो का तिथे?” नेमका हाच प्रश्न पुढच्या फलकाचा मथळा करतो.

२८ नोव्हेंबर

भांडण मिटवतं गाव. त्याची रीत अशी.

तीन शेतांत तीन वर्षांची पाळी. एका शेतात शरदात गहू पेरायचा, दुसऱ्यात वसंतात जव, ओट किंवा घेवडा, तिसरं पडीक. पुढच्या वर्षी सगळं एक घर पुढे. पडीक शेतात पूर्वी सगळ्या गावाची गुरंमेंढरं चरत, आता त्यात बहुधा चारा घेतात.

गहू पेरून झाला की नोव्हेंबरअखेरीस ज्यूरीचा दिवस असतो. बारा जण आणि त्यांचा मुखिया, सगळे गावचेच शेतकरी, ते गव्हाचं शेत चालत जाऊन तपासतात. कुणी नांगर वाटेत घातला का, सामायिक गवताच्या पट्टीत घुसवला का, शेजाऱ्याच्या तासात गेला का. हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. जिथे अतिक्रमण दिसेल तिथे नाव आणि दंड लिहितात.

त्यानंतर काही दिवसांनी गावच्या डव्हकोट या खानावळीत न्यायालय भरतं. त्याला कोर्ट लीट म्हणतात. मालकाचा कारभारी अध्यक्ष, बेलिफ पुकारा करतो, यादी वाचली जाते, दंड वसूल होतो, आणि पुढच्या वर्षी ज्या शेतात गहू येणार त्यासाठी नव्या ज्यूरीला शपथ दिली जाते. दंडाच्या रकमा मोठ्या नसतात. शेजाऱ्यांसमोर आपलं नाव वाचलं जाणं हाच खरा दंड, असं मला वाटतं.

या न्यायालयाला कायद्याचं बळ आहे. १९७७ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या असल्या जुन्या जहागिरी न्यायालयांचे अधिकार संपवले. त्यातून दोनच सुटली, एक वेल्समधल्या डेन्बीचं आणि दुसरं हे लॅक्स्टनचं.

मी आयुष्यभर एकदाच जाणारा मोजणीदार होतो. खुणेचे दगड रोवायचे, नकाशाची प्रत द्यायची, सह्या घ्यायच्या, निघायचं. चार पावसाळ्यांनी पुन्हा त्याच बांधाची तक्रार यायची. इथे रेषा दरवर्षी चालली जाते, आणि ती चालणारे तिथेच नांगर धरणारे असतात. ज्याने आज दुसऱ्याचं अतिक्रमण लिहिलं त्याचं पुढच्या वर्षी कुणीतरी लिहिणार आहे. या फलकावर मला सर्वांत जास्त मेहनत घ्यायची आहे.

८ डिसेंबर

पुन्हा लॅक्स्टन. थंडी भयंकर, वारा तिरका. गव्हाची हिरवी कोंब वर आली आहेत आणि वाटेच्या कडेने नव्या खुंट्या दिसल्या, वरचं टोक ठोकून चेपलेलं. दोन पट्ट्यांमधली सीमा म्हणजे नांगराचा एक तास, बस. नातवाला विचारलं, कुणाचं शेत कुठे संपतं सांग. त्याने बरोबर दाखवलं, पेरणीच्या ओळींची दिशा बदलते तिथे.

शेतांच्या मध्ये ओढ्याकाठी आणि खोलगट भागात गवताच्या पट्ट्या सोडलेल्या आहेत. त्यांना साइक म्हणतात. तिथे नांगर चालवणं अवघड, म्हणून त्या कधी नांगरल्या गेल्या नाहीत. त्यामुळे जुन्या कुरणांची रानफुलं तिथे टिकली आहेत आणि सरकारने त्या पट्ट्यांना संरक्षण दिलं आहे.

१२ जानेवारी २०२५

आज बाकीच्या इंग्लंडचं काय झालं ते लिहायला बसलो. हा फलक लिहिताना हात जड झाला.

१६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटाने ५,२०० हून अधिक कायदे करून गावोगावची मोकळी शेतं आणि गायरानं बंदिस्त केली. सुमारे ६८ लाख एकर, इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त जमीन. प्रत्येक गावात आयुक्त येत, मोजणीदार येई, जुन्या पट्ट्या पुसून सरळ रेषांचे तुकडे पाडले जात आणि कुंपणं उभी राहत. उत्पन्न वाढलं हे खरं. पण ज्याच्याकडे गायरानात एक गाय चारण्यापुरता हक्क होता, त्याला बदल्यात इवलासा तुकडा मिळाला, कुंपणाचा खर्च झेपला नाही, तुकडा विकावा लागला आणि तो मजूर झाला. ज्याचा हक्क कागदावर नव्हता त्याला तेवढंही मिळालं नाही. त्या रेषा माझ्याच धंद्यातल्या लोकांनी ओढल्या. ते फलकावर स्पष्ट लिहिणार आहे.

लॅक्स्टन का वाचलं? मालक एकापेक्षा अधिक, छोटे खातेदारही पुष्कळ, आणि बंदिस्तीवर सगळ्यांची एकवाक्यता झाली नाही. खर्चही मोठा. कुणी जपायचं म्हणून जपलं नाही, पहिल्यांदा ते राहून गेलं. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र बारीक पट्ट्या एकत्र करून रुंद केल्या. आपल्याकडे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि माणसाचा सगळा वाटा एका जागी आणण्याचा प्रयत्न झाला. लॅक्स्टनला पट्ट्या मोठ्या केल्या, पण वाटा तिन्ही शेतांत विखुरलेलाच ठेवला. त्यामुळे पाळी टिकली, आणि पाळीमुळे ज्यूरी.

९ फेब्रुवारी

मालकीची साखळी एका पट्टीत बसवली. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत, ज्योफ्री अल्सेलिन, त्याच्याआधी टोकी. मग द कॉ, एव्हरिंगहॅम, पुढे कोर्टीन, पिअरपाँट. याच घराण्यातले मॅनव्हर्स उमराव. सहाव्या अर्ल मॅनव्हर्सने १९५२ मध्ये गाव शेती मंत्रालयाला विकलं, ही पद्धत राखली जाईल या भरवशावर. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे पिअरपाँटांच्याच वारशाने, ते परत घेतलं. दरवेळी मालक बदलताना गावात धाकधूक झाली असणार. ज्यूरी मात्र प्रत्येक मालकाखाली शेतात गेली.

१६ मार्च

निघण्यापूर्वी नॉटिंगहॅम विद्यापीठात मॅनव्हर्स घराण्याचे कागद ठेवले आहेत तो विभाग पाहून आलो. तिथल्या बाईंनी फार आपुलकीने समजावलं.

२० एप्रिल, रत्नागिरी

पक्क्या नकाशाला सुरुवात. १:५००० चं प्रमाण धरलं. जाड कागद, काळी शाई, वाटा तांबड्या, साइक हिरव्या, कोंडवाडा निळा. पिअर्सची माणसंही काढणार. चित्रकला शिकणारी शेजारची मुलगी नांगऱ्या आणि कापणीवाल्या काढून देते म्हणाली. तिने नकाशा पाहून विचारलं, “काका, यात बायका कुठेत?” कापणी आणि गवत गोळा करण्याच्या कामात बायका असतच, म्हणून त्यांना ठळक जागा दिली.

१८ मे

राजापूरच्या फलकाचा मजकूर पूर्ण. अर्जुना नदीच्या खाडीचा छोटा नकाशा एका कोपऱ्यात, लॅक्स्टनचा दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये कोर्टीनचं १६३५ आणि १६३६. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणात.

६ जुलै

उन्हाळ्यात लॅक्स्टनला साइकमधल्या गवताचा लिलाव होतो. गवत त्या वर्षीपुरतं विकतात, आणि आलेली रक्कम जुन्या सामायिक हक्काच्या वाटेकऱ्यांत वाटली जाते. ज्यूरीच्या फलकाखाली ही माहिती घातली, कारण दंडाच्या शेजारी मिळकतही दिसली पाहिजे.

वाचनालयाने उत्तरेकडची भिंत दिली आहे. फलकांची उंची चौथीतल्या मुलाच्या नजरेएवढी ठेवायला सांगितली. उद्घाटनाच्या दिवशी मोजणी खात्यातली दोन तरुण मुलं ३३ फुटी साखळी घेऊन येणार आहेत. अंगणात एक गुंठा आखून दाखवतील, त्यात ४ पर्च चुन्याने पाडतील. चुन्याची पिशवी आणि खुंट्या मी नेणार.